हळद न लावलेलं पत्र

रविवारी दुकान बंद असतं. सकाळची कामं उरकली की मी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरते, पेनं उघडते, निबा कोमट पाण्याच्या वाटीत टाकते आणि त्या सुकेपर्यंत कोणाला काय लिहायचं ते मनात जुळवत बसते. मंचरला माझं स्टेशनरीचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आठवडाभर मी बॉलपेनांची पाकिटं विकते. शाईचं पेन मागणारं गिऱ्हाईक क्वचित येतं. आलं तर निब कागदावर फिरवून, शाई नीट उतरते की नाही ते बघून मगच देते. सून पाहुण्यांना सांगते, आईंचा छंद आहे. असेना का. माझ्याकडे वडिलांचा मराठी टाईपरायटरही आहे आणि तो चालू आहे. तेलपाणी मीच करते, रिबन मिळणं अवघड झालंय तरी मिळवते. दुकानाच्या सूचना, नगरपंचायतीचे अर्ज, असलं सगळं मी त्याच्यावर करते. पत्र मात्र नाही. मागे भाचीने विचारलं की मावशी, तुझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, मशीनवर पत्र किती देखणं होईल, मग का करत नाहीस? मी तिला म्हटलं, सवय नाही. ते खरं उत्तर नव्हतं. खरं उत्तर सांगायला घोडेगावपर्यंत मागे जावं लागतं.

वडिलांना सगळे अण्णा म्हणायचे, आम्हीही. घोडेगावला तहसील कचेरीच्या भिंतीला लागून ताडपत्रीखाली त्यांचं टेबल होतं. टेबलावर मशीन, मशीनच्या डाव्या हाताला कार्बन आणि कोरे कागद, उजव्या हाताला शाईची दौत, टाक आणि पेनं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसाच्या नोंदी असलं सरकारी काम मशीनवर व्हायचं. घरगुती पत्र हातानं. हा काही कोणी घालून दिलेला नियम नव्हता. मुंबईला गोदीत किंवा मार्केटात हमाली करणाऱ्या नवऱ्याला बायकोचा निरोप मशीनवर टाईप करून पाठवावा असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, अण्णांच्याही नाही. सरकारी कागद करताना अण्णा फार कडक. एक अक्षर चुकलं तर खोडायचे नाहीत. कागद काढून दुसरा घालायचे. ओल्या हातानं कोणी कागदाला शिवलं तर रागवायचे. कागद पुरा झाला की माणसाला समोर बसवून सगळा मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मगच अंगठा घ्यायचे. घाई असलेला वकील कितीही चुळबुळला तरी वाचल्याशिवाय अंगठा नाही.

हाताच्या पत्राची तऱ्हा वेगळी. तिथं अण्णा सैल असायचे. निळी शाई, मोठी अक्षरं, बाई जे बोलेल ते तसंच. बाई रडायला लागली तर ते निब पुसत बसायचे. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या टेबलावर साध्या पत्रालाही हळदीचं बोट लागायचं. टेबलाच्या खणात हळदीची डबी असे. ज्या घरी पत्र जायचं तिथं वाचणारं कोणी असेलच असं नसायचं, वाचणारा मिळेपर्यंत पत्र आठ-पंधरा दिवस खुंटीला राहायचं. हळद दिसली की घरच्यांनी समजायचं, सगळं बरं आहे, सवडीनं वाचून घेऊ. गमीचं, म्हणजे कोणी गेल्याचं पत्र असलं तर त्याचा कोपरा फाडलेला असायचा. तो दिसला की न वाचताच घरात आंघोळीचं पाणी काढत. असं पत्र शब्दांच्या आधीच पोचायचं. डोंगरातली माणसं ते बरोबर वाचत.

घर बाजारपेठेच्या मागे, दोन खोल्यांचं. संध्याकाळी अण्णा मशीन लाकडी पेटीत घालून घरी आणत, कारण कचेरीच्या भिंतीला ठेवण्यासारखी ती वस्तू नव्हती. पेटी ओट्याजवळच्या बाकावर ठेवली जायची आणि आईची कुरकुर सुरू व्हायची, की हिला माझ्यापेक्षा जागा जास्त लागते. आईचं खरं भांडण शाईशी होतं. अण्णांना शाई करण्याची हौस होती. हिरडा कुटून, लोखंडी कढईत उकळून, त्यात हिराकस घालून ते काळी शाई करत. पेनात ती चालत नसे, निब खराब होई. टाकासाठी आणि स्वतःच्या समाधानासाठी करायची. कढई मात्र आईची. त्या कढईत केलेलं पिठलं राखाडी दिसायचं आणि तोंडाला तुरट लागायचं. आई वाढताना म्हणायची, घ्या, अर्ज खा. अण्णा मुकाट्यानं खायचे. वरून चटणी मागायचे.

हा हिरडा आणून द्यायची ठमाबाई. शिनोलीच्याही पुढं, धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. नवरा तरुणपणीच गेला होता. भातखाचरं थोडी, बाकी नाचणी, वरई, खुरासणी. उन्हाळ्यात हिरडा गोळा करून ती घोडेगावला बाजारच्या दिवशी विकायला आणायची आणि त्यातला ओंजळभर अण्णांच्या टेबलावर ओतायची. उंच, काटक बाई. बोलणं कमी. तिची मुलगी कमळ आमच्या घरी राहायची. वाडीवरच्या शाळेचे वर्ग संपले आणि अण्णा म्हणाले, पोरीला इथं ठेव, शैलाबरोबर शाळेत जाईल. शैला म्हणजे मी. कमळ घरात कामाला नव्हती आणि पाहुणीही नव्हती. ती केर काढायची, मी पाणी भरायचे, कधी उलट. भांडणं झाली तर आई दोघींनाही सारखं बोलायची. ठमाबाई येताना नाचणीचं पीठ, खुरासणीची चटणी, पावसाळ्यात करटुली आणायची आणि आईच्या पुढ्यात ठेवून म्हणायची, "वयनी, हे पोरीच्या पोटाचं." आई म्हणायची, पोरीचं पोट एवढं मोठं नाही. असं दरवेळी.

ठमाबाई दरवेळी आणखी एक गोष्ट करायची. निघताना अण्णांच्या टेबलापुढं उभी राहून विचारायची, "भाऊ, आमच्या नावचा कागद न्हाई ना आला?" अण्णा कचेरीत जाऊन, ओळखीच्या कारकुनाला विचारून यायचे आणि सांगायचे, नाही आला. मग ती डोक्यावर पाटी घ्यायची.

कारण असं की धरणाचं पाणी चढत होतं. तिच्या वाडीच्या खालची वाडी गेली होती. आधी घर सोडायला सांगणारे टाईप केलेले कागद आले, लांबट, खाकी पाकिटातून. कोणी घेतले, कोणी घेतले नाहीत. घेतलाच नाही तर लागू होणार नाही, अशी एक समजूत तेव्हा सगळीकडे होती. मग शिपायांनी ते दारांना चिकटवले. तरी बरीच माणसं थांबली. शेवटी पाणी आलं तेव्हा माणसं आणि गुरं वर निघाली, पण घरांची लाकडं काढायला वेळ राहिला नाही. आजोबा-पणजोबांनी जोडलेले सागाचे वासे, आढी, दारं पाण्यावर तरंगत गेली. ठमाबाईनं हे तिच्या अंगणातून पाहिलं. त्यात तिचं माहेर होतं. वरची वाडी पाण्याच्या रेषेच्या वर आहे असं कचेरीतले लोक सांगत होते. खालच्या वाडीलाही आधी तसंच सांगितलं होतं. तेव्हा ठमाबाई कोणावर विश्वास न ठेवता फक्त कागदाची वाट बघायची. तिचं घर म्हणजे नवऱ्यानं मरायच्या आधी स्वतः उभं केलेलं एकच काय ते होतं. ते जाणार की राहणार, हे एका टाईप केलेल्या कागदावर ठरणार होतं.

दहावी झाल्यावर अण्णांनी आम्हा दोघींना मशीन शिकवायला घेतलं. मला ते जमलं, आवडलं नाही. कमळला मात्र वेड लागलं. मराठीच्या मशीनवर पुष्कळ अक्षरं अर्धीच असतात. अर्धं अक्षर मारायचं आणि मग त्याला दांडी जोडून पुरं करायचं. ती म्हणायची, भाकरी थापल्यासारखं आहे, एका हातानं होत नाही. कीबोर्डावर फडकं टाकून, बोटांकडे न बघता मारायचा सराव अण्णा द्यायचे. घरात संध्याकाळभर टकटक, ओळ संपत आली की घंटी, गाडा ओढल्याचा खर्रकन आवाज. आईनं स्वयंपाकाच्या वेळा त्या घंटीवर बसवल्या होत्या. मला आजही कुठे टाईपरायटर वाजला तर भाजलेल्या शेंगदाण्याचा वास येतो, कारण त्या उन्हाळ्यात आई मासवडीच्या सारणाची तयारी करायची तेव्हा मागं ते वाजत असायचं. टायपिंगची सरकारी परीक्षा पावसाळ्याच्या तोंडावर होती. तिच्यात पास झाली तर कचेरीत कुठंतरी चिकटायची आशा होती.

एके दिवशी कमळला पहिल्यांदा एक अख्खं पान न बघता, एकही चूक न होता आलं. अण्णांनी ते उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, हे माझ्यापेक्षा सुबक आहे. त्यांच्या तोंडून असं काही निघणं ही मोठी गोष्ट होती. कमळनं विचारलं, आईला एक पत्र करू का मशीनवर? अण्णा म्हणाले, कर की. तिनं केलं. बाकावर बसून, ओठ घट्ट मिटून, समास सोडून, सरकारी अर्जासारखं नेमकं. पान आंतरदेशीय पत्रावर करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून अण्णांनी आपल्याकडचं लांब खाकी पाकीट दिलं. पत्राला घडी कमी पडावी हा हेतू. पत्ताही तिनं मशीनवरच केला. शेवटी सवयीनं ती हळदीच्या डबीकडे गेली, तर अण्णा म्हणाले, "राहू दे. एवढं स्वच्छ पान, त्याला डाग कशाला?" आईनंही मान डोलावली. मी तिथंच शेंगदाण्याची टरफलं पाखडत होते. कोणालाच काही खटकलं नाही. चांगलं काम झालं होतं आणि ते चांगल्या पाकिटात घातलं होतं.

त्याच्या पुढच्या बाजारी ठमाबाई आली नाही. उन्हाळ्यात कोणाचं काय काम निघेल सांगता येत नाही, आम्ही काही मनावर घेतलं नाही. त्याच्याही पुढच्या बाजारी तिच्या वाडीवरचा गेनभाऊ अण्णांच्या टेबलाशी येऊन उकिडवा बसला. मी आणि कमळ टेबलावरच होतो. ती कोणाचा तरी वारसाचा अर्ज मारत होती. गेनभाऊनं विचारलं की दुसरीकडं जागा मागायची तर अर्ज कसा करायचा. अण्णांनी विचारलं, कोणासाठी?

"ठमाबाईसाठी. तिला कागद आलाय न्हवं. घर उतरवाया घेतलंय तिनं."

अण्णा म्हणाले, कोणालाही कागद गेलेला नाही. गेला असता तर मला कळलं असतं. मग त्यांनी विचारलं, कसा होता कागद?

"लांब खाकी पाकीट. वर समदं छापल्यालं. पोस्टमननं खालच्या दुकानात ठिवलं व्हतं, मीच वर नेऊन दिलं."

मशीन थांबलं. कमळनं हात मांडीवर घेतले. अर्ज अर्धा तसाच मशीनमध्ये राहिला आणि ज्याचा होता तो माणूस म्हणाला, बाई, पुढं चालू द्या. ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

अण्णांनी त्या दिवशी टेबल लवकर गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अण्णा, कमळ आणि मी निघालो. आईनं भाकरी बांधून दिल्या, त्यावर मिरचीचा ठेचा. आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की ठमाबाई काही बोलली तर ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. गाडी शिनोली सोडून पुढं गेली, जिथं उतरायचं तिथं उतरलो आणि चालायला लागलो. अण्णांना चढाची सवय नव्हती. कमळ पुढं जायची, थांबायची, पुन्हा पुढं जायची. खाली पाणी दिसत होतं, उन्हाळ्यानं उतरलेलं, आणि काठाला वाळलेल्या चिखलाचे पट्टे.

वाडीत शिरलो आणि घर दिसलं. म्हणजे घराच्या भिंती दिसल्या. कौलं उतरवून अंगणात एकावर एक रचून ठेवली होती, फुटकी वेगळी. वासे सोलून काढल्यासारखे एका बाजूला ओळीनं मांडलेले, त्यांना काथ्यानं बांधून गाठोडी केली होती. आढं तेवढं वर होतं. ते तिला आणि गेनभाऊला दोघांनाच उतरवण्यासारखं नव्हतं. गाय आणि वासरू हिरड्याच्या झाडाला बांधलेली. कणगी गेनभाऊच्या घरी नेली होती. देव टोपलीत. चूल मात्र जागच्या जागी होती, भिंतींच्या आत, वर आभाळ, आणि ठमाबाई तिच्यापाशी बसून भाकरी भाजत होती. आम्हाला पाहून तिला वाटलं, आम्ही मदतीला आलोय. ती अण्णांना म्हणाली, "बरं झालं आलात भाऊ. आढं उतरवाया मानूस पायजे व्हतं."

अण्णांनी टोपी काढली. कागद कुठे आहे म्हणून विचारलं. तिनं कमरेच्या पिशवीतून खाकी पाकीट काढून दिलं. ते फोडलेलंच नव्हतं. वाडीवर वाचणारा एकटा मास्तर आणि तो सुट्टीला गावी गेलेला, हे खरं. पण मास्तर असता तरी तिनं फोडलं नसतं. "फोडला का लागू झाला," ती म्हणाली. "न्हाई फोडला. पर लाकडं तरी वाचवावी म्हनलं. खालच्यांची गेली तशी माझी न्हाई जाऊ द्यायची."

"ठमाबाई," अण्णा म्हणाले, "हा सरकारचा कागद नाही. तुझ्या कमळचं पत्र आहे. तिनं मशीनवर केलंय."

तिनं कमळकडे पाहिलं, मग पाकिटाकडे. "कमळीचं अक्षर असं नसतंय. कमळीचं वाकडं असतंय, डाव्या अंगाला पडल्यालं. मी वळखते." आणि मग, "हळद कुटं हाय?"

अण्णांनी पाकीट फोडलं. सरकारी कागद वाचून दाखवायचे तसंच उभं राहून, मोठ्यानं, एक शब्द न गाळता त्यांनी ते वाचलं. आईला नमस्कार होता. मी खुशाल आहे असं होतं. हे पत्र मी बोटांकडे न बघता केलं आहे, अण्णा चांगलं म्हणाले, असं होतं. काकूंनी मासवडी केली होती तेव्हा तुझी आठवण आली, असं होतं. पुढे होतं, वासराचा पाय बरा झाला का?

"झाला," ठमाबाई म्हणाली. अण्णा थांबले. ती चुलीकडेच बघत होती. त्यांनी पुढं वाचलं. तुझे गुडघे दुखतात का?

"दुखत्यात."

शिळी भाकर खात जाऊ नकोस, परीक्षा झाली की मी येते. तुझी कमळ. अण्णांनी कागदाची घडी घातली. तव्यावरची भाकरी करपली होती, ती ठमाबाईनं काढून कडेला ठेवली. मला आईचं सांगणं आठवत होतं, ऐकून घ्या; पण ऐकून घ्यायला काही येतच नव्हतं. तिनं हात पुसले, सामानाच्या गाठोड्यातून मिठामिरचीचं डबडं शोधलं, त्यातली हळद बोटाला घेतली आणि अण्णांच्या हातातल्या कागदाच्या कोपऱ्याला लावली. मग कागद घेऊन कनवटीला खोचला. "पोरीनं बोटाकडं न बघता केलं म्हनं," ती गेनभाऊला म्हणाली. "तिच्यापायी मी बी घराकडं न बघता उतरवलं." गेनभाऊला हसावं की नाही ते कळेना. मग तीच थोडं हसली आणि कमळनं तेव्हा तोंड झाकून घेतलं.

अण्णा एवढंच म्हणाले की चूक माझ्या टेबलावर झाली, घर उभं झाल्याशिवाय मी खाली जात नाही. आणि ते गेले नाहीत. जन्मात ज्यांनी मशीनच्या पेटीशिवाय जड काही उचललं नव्हतं ते पायजमा खोचून कौलं हातोहात देत राहिले. वाडीतली माणसं आली. मी आणि कमळ काथ्या भिजवायला, पाणी द्यायला. दुपारी कोरा गुळाचा चहा, रात्री वरईचा भात आणि खुरासणीची चटणी, उघड्यावर. कमळ त्या सगळ्या दिवसांत आईशी जेवढ्यास तेवढं बोलली. ठमाबाई तिला कामं सांगत राहिली, हे उचल, ते धर. ते मला तेव्हा रुक्ष वाटलं. आता वाटतं की तिला दुसरं काही येत नव्हतं आणि तेच पुरेसं होतं. देव जागेवर बसवले तेव्हा नैवेद्याला गोड काही नव्हतं, म्हणून आमच्या फडक्यात उरलेला गुळाचा खडा ठेवला.

घरी परतल्यावर कमळनं मशीनला हात लावला नाही. अण्णा संध्याकाळी आणत ती पेटी बाकावर तशीच बंद. आईच्या स्वयंपाकाच्या वेळा चुकायला लागल्या. परीक्षा जवळ आली आणि अण्णा, जे एरवी कोणालाही चार शब्द सुनवत, ते तिला काही बोलेनात. हा पेच सोडवला ठमाबाईनं. ती बाजार उरकून संध्याकाळी घरी आली, नाचणीचं पीठ आईपुढं ठेवलं, नेहमीचं बोलणं झालं आणि मग बाकाकडे बघून विचारलं, मशीन का गप आहे? उत्तराला न थांबता ती कमळकडे वळली.

"खरा कागद आला तर आमच्यातलं कोन वाचनार हाय? का आनिक एकदा घर उतरवू मी? बस तिथं."

कमळ बसली. ठमाबाई जमिनीवर, भिंतीला टेकून, तिचा एकेक ठोका ऐकत बसली, शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत. निघताना अण्णांना म्हणाली, "सरकारचं मशीनवर. माझं हातानं." तेव्हापासून आमच्या घरात तो नियम झाला. आधी नुसती सवय होती.

कमळ पास झाली. पुढं जुन्नरला एका कचेरीत लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिली. मशीन गेलं, कॉम्प्युटर आला, तरी बोटांकडे न बघता. डोंगरातल्या गावांना जाणारे कागद तिच्या हातून जात. घाटघरकडचं कोणी तो कागद घेऊन कचेरीत आलं तर ती उठून बाहेर यायची आणि त्याला बाकावर बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायची. साहेब कटकट करायचे. ती वाचून संपवायची. वरच्या वाडीला मात्र कागद कधी आला नाही. पाणी खालीच थांबलं.

घर पुन्हा उभं राहिलं ते पूर्वीसारखं बसलं नाही. कौलांची जुनी घडी मोडली होती, काही फुटली होती, बदली आणलेली बरोबर मापाची नव्हती. चुलीच्या वरच एक जागा गळायची. कितीदा शाकारलं तरी तिथंच. ठमाबाई खाली एक जर्मनचं पातेलं ठेवायची. पावसाळ्यात तिथं पहिला थेंब टपकला की ती म्हणायची, "आलं कमळीचं पत्र." कोणी पाहुणा असला तर त्यालाही सांगायची, बसा जरा, पोरीचं पत्र आलंय. कमळला हे पहिली काही वर्षं सहन व्हायचं नाही. मग सवय झाली. नंतर नंतर तीच पावसाळ्यात जुन्नरहून पत्र लिहायची, हातानं, डावीकडे पडलेल्या अक्षरात, कोपऱ्याला हळद लावून, आणि शेवटी विचारायची की दुसरं पत्र पोचलं का.

ठमाबाई जाऊन बरीच वर्षं झाली. अण्णा आणि आईही गेले. कमळ आता वर्षातले बरेच महिने वाडीवर राहते. फोन आहे तिच्याकडे, वर जाऊन उभं राहिलं तर रेंजही येते, पण आम्ही दोघी एकमेकींना पत्रंच लिहितो. गेल्या आठवड्यात तिचं आलं. लिहिलंय की मुलानं हट्ट करून छप्पर बदललं, नवं चांगलं आहे, पावसाची चिंता मिटली, आता घर कुठंही गळत नाही. पुढची ओळ अर्धीच आहे. तिनं ती खोडली नाही आणि पुरीही केली नाही. खाली नुसती सही.

आज रविवार. मी तिला उत्तर लिहिलंय. छप्पर बदललं ते बरं केलंस, असं लिहिलं, कारण ते खरंच बरं झालं. त्या वयात पातेली रिकामी करत बसायचं काही कारण नाही. दुकानाचं लिहिलं, गुडघ्यांचं विचारलं. मग विचारलं, वासराचा पाय कसा आहे? तिच्याकडे आता गुरं नाहीत. तिला कळेल. कोपऱ्याला हळद लावलीय आणि पत्र खिडकीत ठेवलंय. हळद ओली असताना घडी घातली की शाई पसरते, म्हणून सुकेपर्यंत थांबावं लागतं.